जावेचा आवाज दुप्पट वेगाने

माझा आवाज वाईट आहे. शाळेत मी चौथीपर्यंत होते. प्रार्थनेच्या वेळी मास्तर मला मागच्या ओळीत उभं करायचे आणि म्हणायचे, तू नुसते ओठ हलव. असं असूनही आमच्या वाड्यावरच्या वीस-पंचवीस लग्नांत पुढे बसून ओव्या मी म्हटल्या. ते कसं झालं हे सांगायचं तर माझ्या थोरल्या जावेबद्दल सांगावं लागेल.

आमचं घर डिचोली तालुक्यात, शिरगावच्या बाजूला. आमच्याकडे हळदीच्या दिवशी बायका मांडवात बसून ओव्या म्हणतात. एकीने ओळ म्हणायची, थांबायचं, मग बाकीच्यांनी तीच ओळ मागून म्हणायची. पहिली ओवी गणपतीला, दुसरी गावच्या देवीला, मग विहिरीला, चुलीला, मांडवाच्या खांबाला, असं करत करत नवरीपर्यंत यायचं. कोणत्या घरात कोणती ओवी आधी, कुणाचं नाव कुठे घालायचं, हे सगळं डोक्यात असावं लागतं. जावेच्या डोक्यात ते होतं. ती म्हणायला लागली की मांडवाबाहेरचे पुरुषसुद्धा बोलायचे थांबत. मी तिला वयनी म्हणायचे. आमचं दोघींचं पटत नव्हतं, हेही सांगून टाकते. चूल एक होती तोवर रोज भांडण, आणि चुली वेगळ्या झाल्यावर दिवसाआड.

माझे थोरले दीर खाणीवर ट्रक चालवायचे. कोकणी-मराठीवरून भाषेचं आंदोलन चाललं होतं त्या दिवसांत त्यांचा ट्रक घाटीत उलटला. रस्त्यावर जागोजागी झाडं आडवी पाडून टाकलेली, त्यामुळे त्यांचा देह इस्पितळातून घरी आणायला अर्धा दिवस लागला. वयनीला मूल नव्हतं. तिचं वय तेव्हा पस्तीसच्या आसपास असेल.

त्यानंतर वाड्यावर पहिलं लग्न निघालं, तेव्हा ओव्यांचं बोलावणं घेऊन आलेल्या बाईने कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला. वयनी तिथेच उभी होती. तिला कुणी नको म्हटलं नाही. हळदीच्या मांडवात विधवा बसत नाही हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मला तीन ओव्या येत होत्या. तेवढ्या जोरावर मी जाऊन बसले.

चौथीला अडकले. बायका माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मांडव स्वयंपाकघराला लागून होता आणि जनेल, म्हणजे खिडकी, उघडं होतं. आत वयनी आडोळीवर बसून नारळ खवत होती, कारण त्या कामाला विधवा चालते. खवण्याचा आवाज थांबला आणि जनेलातून हळूच ओळ आली. मी ती उचलली. खवणं पुन्हा सुरू झालं.

मग पुढची सगळी वर्षं तसंच चाललं. लग्न कुणाचंही असो, वयनी जनेलाजवळचं काम मागून घ्यायची. आडोळी थांबली की ओळ येणार हे माझ्या कानांना कळून गेलं होतं. मांडवातल्या सगळ्या बायकांना ते माहीत होतं आणि एकीनेही ते कधी तोंडाबाहेर काढलं नाही. उठताना माझी ओटी भरायच्या. ओटीतले खण मी माझ्या पेटीत ठेवायचे. एकही तिला दिला नाही. ती ते शिवून घालणार नव्हती, तरी विचारायला हवं होतं.

घरी आलो की ती सुरू व्हायची.

"आज खांबाची ओवी खाल्लीस तू."

"तुम्ही उशिरा सांगितलीत, वयनी."

"मी खवत होते. मला हात दोनच आहेत. तुझं डोकं कुठे होतं?"

"डोकं असतं तर तुम्हाला कोण विचारणार होतं?"

हे मी बोलले आहे. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

माझ्या मुलाची मुलगी वयनीनेच वाढवली. सून नोकरीला जायची, मी शेतात, पोर तिच्या मांडीवर. पोरीला कुठल्याही गोष्टीसाठी माझी आठवण यायची नाही. थोरली आजी, थोरली आजी. तिचं लग्न मुरगावला बंदरात काम करणाऱ्या मुलाशी ठरलं तेव्हा वयनी अंथरुणाला लागलेली होती. छातीत पाणी झालं होतं. दोन वाक्यं बोलली की दम लागायचा.

एके दिवशी मला म्हणाली, "हिच्या हळदीला ओव्या मी म्हणणार."

"वयनी, बायका काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू देत. मी कुठे मांडवात येऊन बसते? आवाज येईल फक्त."

माझा मुलगा पणजीला कचेरीत कारकून. बैठकीत कोण काय बोललं ते लिहून काढायला त्याच्याकडे एक छोटा रेकॉर्डर होता, बोटाएवढा. तो त्याने घरी आणला आणि बटण कुठलं दाबायचं ते मला दाखवलं. दोन दुपारी मी वयनीच्या खोलीत समोर बसले आणि तिने नऊ ओव्या म्हटल्या. एक ओवी झाली की पडायची, पाणी प्यायची, मग दुसरी. म्हणताना मात्र दम लागत नव्हता. मला ते अजून कळलेलं नाही.

ओळ म्हणून झाली की ती थांबायची, कारण तशी पद्धत. मागून म्हणायला समोर मी एकटी होते. मी गप्प. माझा कावळ्याचा आवाज त्या यंत्रात जायला नको होता.

"म्हण गो," ती म्हणाली. "तोंडात काय, पाव कोंबलास?"

मी मानेनेच नाही म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, जेवढा वेळ ओळ म्हणायला लागतो तेवढा थांबली, आणि पुढे गेली. नऊच्या नऊ ओव्यांत ती तशी थांबत राहिली.

शेवटची झाल्यावर तिने विचारलं, "हळदीला लावशील ना हे?"

"लावीन."

"बायकांना घाबरून गप्प बसशील."

"मी कुणाला घाबरते?"

"सगळ्यांना," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

महिन्याभरात ती गेली. घरात मर्तिक झालं म्हणून लग्न पुढे ढकललं. वर्षश्राद्ध करून मग मुहूर्त काढला.

रेकॉर्डरचा आवाज लहान, कानाजवळ धरावा लागे. म्हणून मुलाने त्यातलं सगळं एका मेमरी कार्डावर उतरवलं आणि डिचोलीच्या बाजारातून कार्ड घालून वाजवायचा डबा आणला. दिसायला पावाच्या लादीएवढा, आवाज वाड्याच्या टोकापर्यंत जाणारा. आणून फडताळावर ठेवला. आधी वाजवून बघावं हे कुणाला सुचलं नाही. मुलाला शंभर कामं होती. मला एकच काम होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी पोरीला पाटावर बसवलं. बायका जमल्या. मी डबा मध्ये ठेवला आणि सांगितलं, आज ओव्या वयनी म्हणणार आहे. वाड्यावरची सगळ्यांत म्हातारी काकी होती, तिने भुवया वर केल्या, पण पोरगी पाटावरून हसली, म्हणून बायका बसून राहिल्या. मी बटण दाबलं.

डब्यातून उंदराने चिरकावं तसा आवाज आला. बारीक, घाईचा. शब्द एकमेकांवर चढलेले. गणपतीची ओवी सुरू झाली म्हणेपर्यंत संपलीसुद्धा. मुलं खिदळली. बायकांनी पदर तोंडाला लावले, आणि एकीला हसू आवरलं नाही तशा सगळ्या हसल्या. पोरीच्या एका गालाला हळद लागलेली होती, एक गाल कोरडा होता. ती माझ्याकडे बघत होती.

"बंद कर गो ते," काकी म्हणाली. "गेलेल्या विधवेचा आवाज कोण हळदीला आणतो? तिला स्वतःलाच यायचं नाही, म्हणून असं केलं तिने."

"देवीलाही खपलेलं नाही," दुसरी म्हणाली.

मी बंद केलं.

पोरगी म्हणाली, "आजी, रेकॉर्डर कपाटात आहे ना? त्यावर नीट लागतं. तो आण."

"त्याचा आवाज कुणाला ऐकू जाणार?" मी म्हटलं.

"मला गेला तरी पुरे."

मी ऐकलं न ऐकलं केलं, पदर सारखा केला आणि गणपतीची ओवी सुरू केली. चौथीला अडकले. सवयीने जनेलाकडे पाहिलं. आत आचाऱ्याचा मिक्सर चालू होता. मी दोन ओव्या सोडून आठवेल तशी पुढची धरली. बायकांनी मागून म्हटलं. पोरीने मान खाली घातली ती हळद संपेपर्यंत वर केली नाही.

त्यानंतर तीन-चार महिने डबा फडताळावर पडून होता. वयनीनेच तसं केलं, हे वाड्यावर सगळ्यांनी धरून टाकलं. मी देवभोळी नाही, पण मीही कुणाला खोडून काढलं नाही. ते मला सोयीचं होतं.

एका सकाळी पोदेर पाव देऊन गेला, मी पैसे ठेवायला फडताळाकडे गेले आणि डबा दिसला. तशीच पिशवीत घालून डिचोलीला गेले. बसस्टँडच्या मागे मोबाईल दुरुस्त करणारा एक माणूस होता. मूळचा बेळगावकडचा, पन्नाशीचा. खाणी चालू होत्या तेव्हा खनिज वाहणाऱ्या पट्ट्यांचा फिटर होता, खाणी बंद पडल्यावर दुकान टाकलं. हात अजून फिटरचेच, जाड.

"आज्जी, काय होतंय?"

"माणसाचा उंदीर होतोय," मी म्हटलं आणि हळदीच्या दिवशी काय झालं ते सांगितलं, रेकॉर्डरवर नीट लागतं तेही.

त्याने वाजवून पाहिलं. हसला नाही. आधी कार्ड काढून पुसलं. तसंच. दुसऱ्या कार्डावर उतरवलं. तसंच. डब्याचा स्पीकर काढून दुसरा जोडला. तेच चिरकणं. मग त्याने स्वतःचं एक भजन त्याच डब्यात लावलं, ते नीट वाजलं.

"डबा ठीक आहे, कार्ड ठीक आहे," तो म्हणाला. "आता तुमची बाई बघू."

त्याने कार्ड कम्प्युटरला लावलं, आणि दुकानात वयनीचा आवाज आला. नीट. जसा होता तसा. बाहेर बसचा कंडक्टर ओरडून माणसं बोलावत होता आणि आत ती विहिरीला हळदीचं आमंत्रण देत होती. मी दुकानातल्या स्टुलावर बसले.

"हे बघा की," तो म्हणाला आणि पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. आकडे मला वाचता येतात. बावीस हजार पन्नास.

"हे काय?"

"यंत्र आवाज सलग धरत नाही, आज्जी. तुकडे करतं. तुमच्या रेकॉर्डरने एका सेकंदाचे बावीस हजार तुकडे केलेत. बैठका लांबतात, जास्त वेळ मावावा म्हणून कुणीतरी कमी आकड्यावर ठेवला असणार. आणि हा स्वस्तातला डबा, ह्याला एकच माप ठाऊक. सेकंदाला चव्वेचाळीस हजार. खाणीवरचा पट्टा बघितलाय न्हवं तुम्ही?"

"घरासमोर होता."

"मग झालं. एका तासाचा माल पट्ट्यावर घातलाय, आणि पट्टा पळतोय दुप्पट. अर्ध्या तासात माल संपला. आवाजाचं तसंच. दुप्पट पळाला की बारीक होतो."

"म्हणजे ती बिघडलेली नाही."

"कोण? बाई? त्यांना काय झालंय!"

त्याने आधी नुसता तो आकडा बदलून बघितला, बावीसच्या जागी चव्वेचाळीस. तर कम्प्युटरवरही उंदीर. "हां, नुसती पाटी बदलून भागायचं नाही, माल वाढवायला पाहिजे," असं स्वतःशीच म्हणाला. मग दुसरीकडे जाऊन काहीतरी निवडलं आणि दाबलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी भरत गेली.

"आता काय करतोस?"

"दर दोन तुकड्यांच्या मध्ये एक नवा तुकडा भरतोय. म्हणजे तुकडे चव्वेचाळीस हजार होतील आणि डब्याला बरोबर लागेल."

"नवा तुकडा कुणाच्या आवाजाचा?"

त्याने पडद्यावर दोन बोटं टेकवली. "त्यांच्याच. अलीकडचा बघायचा, पलीकडचा बघायचा, आणि मधला काय असेल तो अंदाजाने धरायचा."

"म्हणजे अर्धी ती आणि अर्धा तुझा अंदाज."

"कानाला कळणार नाही, आज्जी."

पहिली ओवी त्याने डब्यात घालून लावली. कळलं नाही. वयनीच होती. दम न लागता म्हणणारी.

मग एकेक करून आठ राहिलेल्या केल्या. पुढच्या ओव्यांना बटण मी दाबलं, त्याने बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं. एकेकीला मिनिटसुद्धा लागलं नाही. शेवटची भरत असताना त्याने सहज विचारलं, "रेकॉर्डरवर चांगलं लागत होतं म्हणता, तर त्या दिवशी तोच का नाही लावला?"

"आवाज लहान आहे त्याचा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि कार्ड डब्यात सरकवून दिलं.

आवाज लहान होता हे खरं आहे. कारण ते नव्हतं. बटण दाबायच्या आधीपासून माझं लक्ष काकीच्या भुवयांकडे होतं. उंदीर चिरकला तेव्हा सगळ्या हसल्या, आणि मला आतून सुटल्यासारखं वाटलं. आता लावायला नको, आणि दोष माझा नाही. आकड्याची चूक मुलाची नव्हती, डब्याची नव्हती. ती दहा मिनिटांत निघाली. रेकॉर्डर कपाटात, वरून दुसऱ्या खणात, हळदीच्या मांडवापासून वीस पावलांवर होता. पोरीने मला तो कुठे आहे तेही सांगितलं होतं.

डबा घेऊन मी घरी आले. मुलाने त्या ओव्या पोरीच्या फोनवर पाठवल्या. संध्याकाळी तिचा फोन आला.

"नीट झालं ग, आजी."

"होय."

"नुसता आकड्याचा घोळ होता?"

"होय."

ती म्हणाली, "ठेवते मी जपून," आणि सासूबाई हाक मारतात म्हणून फोन ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. माहेरी येते तेव्हाही तो विषय काढत नाही, आणि वयनीच्या खोलीत बसते ती एकटी बसते.

काकी आता नाही. पुढे माझा नवराही गेला. आता कुंकवाचा करंडा माझ्यापुढे येत नाही. मला लग्नघरी नारळ खवायला बोलावतात. मांडवात एक नवी सून बसते, चांगली गाते, पण पाचवीला अडकते. जनेल उघडं असतं. मी आत आडोळीवर असते आणि माझ्याकडे तिला द्यायला ओळ नसते. इतकी वर्षं मी दुसरीच्या तोंडून घेतलं, स्वतः काहीच पाठ केलं नाही. ती पोर एकदोनदा जनेलाकडे बघते. तिला कुणी सांगितलं असेल, ह्यांच्या घरातली एक बाई पूर्वी जनेलातून ओळ सांगायची. मी खवत राहते.

म्हणून दुपारी जेवणं झाली की मी डबा लावते. दुप्पट पळत होता तेव्हा ऐकू आलं नव्हतं, आता येतं. प्रत्येक ओळीनंतर ती थांबलेली आहे. पहिल्या ओवीत तर बोललेलीही आहे, म्हण गो, तोंडात काय, पाव कोंबलास. त्यानंतर थोडी जागा. तेव्हा डब्यात ती जागा अर्धीच उरली होती. आता तिच्यात बरोबर एक ओळ बसते.

मी म्हणते. आवाज वाईट आहे तो आहेच. गणपतीची, देवीची, विहिरीची येते. चुलीच्या ओवीला शब्द पुढेमागे होतात. पूर्वी चुकले की आडोळी थांबायची. आता मी चुकते आणि ती तिकडे खांबाची ओवी धरून पुढे निघून जाते. मग मी डबा मागे नेते आणि चुलीची पुन्हा लावते.